नि. ‘पाव’ म्हणते

३ ऑगस्ट, रवि.

पहाटेपासून पार्किंगमध्ये पाणी. सातला पाहिलं तेव्हा शेजाऱ्यांच्या स्कूटरची सीट दिसत होती, साडेआठला नुसते आरसे. लाइट सव्वासातला गेली. मीटरची खोली तळमजल्यावर, तेव्हा ती लवकर येणार नाही हे सांगायला इंजिनिअर नको. लिफ्ट बंद. आपण तिसऱ्या मजल्यावर. कोरडे, पण अडकलेले.

तीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणाच्या विसर्गाचे आकडे वहीत उतरवले. इतके क्युसेक, इतक्या वाजता, खाली सही. ते पाणी पुढे नेमकं कुठं जातं हे आज जिन्याच्या पायरीवर उभं राहून पाहिलं.

निर्मलाला (यापुढे नि., हात दुखतो) खिडकीशी बसवलं. पाणी बघत बसली. काय वाटलं ते कळायला मार्ग नाही. झटका येऊन आठ महिने झाले. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. चौतीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं, वर्गाबाहेर रस्त्यापर्यंत आवाज यायचा, आता शब्द उरलाय एक. ‘पाव.’ सकाळी पाव, दुपारी पाव, पंखा बंद करायचा असला तरी पाव. जूनमध्ये एकदा खरोखरीच पाव चहात बुडवून दिला तर खाल्ला. मी इतका खूश झालो की अश्विनीला नागपूरला फोन करून सांगितलं, आईचं म्हणणं कळलं म्हणून. तेव्हापासून तेच. भात थुंकते, पेज थुंकते. गल्लीतल्या बेकरीचा पाव तेवढा पोटात जातो, दिवसाला तीन.

मंगल आली नाही. नि.ची अंघोळ, कपडे सगळं तीच बघते. वाघोलीहून येते, रस्ता बंद.

डब्यात पाव चार.

४ ऑगस्ट, सोम.

पाणी दुपारी ओसरलं. मागे घोट्याएवढा चिखल आणि कोणाची तरी डाव्या पायाची चप्पल. गल्लीत जाऊन आलो. बेकरीत छातीएवढं पाणी होतं. विजेची भट्टी भिंतीपासून सुटून आडवी पडलीय, मैद्याची पोती फुगलीत. बेकरी म्हणजे आपल्या खालच्या मजल्यावरच्या शहनाजभाभींच्या दिराची. भाभी तिथंच होत्या, साडी खोचून चिखल ओढत. म्हणाल्या, “दादा, महिना तरी गेला समजा.”

१६ तारखेला डॉक्टरांनी बोलावलंय. मागच्या वेळी नि.चं वजन ३९ भरलं. अडतीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी. “त्यात घाबरण्यासारखं काही नसतं,” असं डॉक्टर म्हणाले. बरोबर आहे, नाक त्यांचं नाही. पण नळी घातली की नि. ती ओढणार, आणि ओढू नये म्हणून तिचा डावा हात पलंगाला बांधणार. जानेवारीत हॉस्पिटलात बांधला होता. चालणारा तेवढा एक हात, तोही पट्टीने बांधलेला, आणि ती माझ्याकडे बघत होती. ते पुन्हा बघायची माझी तयारी नाही. एवढंच.

पाव शिल्लक एक.

५ ऑगस्ट, मंगळ.

मंगल आली. चौकापासून चिखलातून चालत. येताना वाघोलीच्या दुकानातून पिशवीतला कापलेला ब्रेड घेऊन आली, स्वतःच्या अकलेने. शहाणी आहे.

नि.ने पहिला घास तोंडात फिरवला आणि बाहेर टाकला. दुसराही. दूध घालून, साखर घालून, कडा काढून, सगळे प्रकार झाले.

मंगल: “काका, ह्यो बी पावच हाय की.”

मी: “मला कशाला सांगतेस, तिला सांग.”

तिला सांगितलं. ती म्हणाली, “पाव.”

दुपारी मी ओरडलो नि.वर. “आहे ते खायला काय होतं?” असं काहीतरी. मंगल भांडी घासायला निघून गेली. नंतर लाज वाटली, माफी मागितली. उत्तर अर्थातच ‘पाव’.

दिवसभरात पोटात: चहा अडीच कप, केळं अर्धं.

६ ऑगस्ट, बुध.

सकाळी जिन्यात भाभी भेटल्या. खाली पंपाने चिखल उपसणं चाललंय, त्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही. नि.चं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, त्यांची तिन्ही मुलं नि.च्या वर्गातली. काहीतरी बराच वेळ सांगत होत्या. शेवटचं ऐकू आलं, “खीर पाठवते वर, बाईंसाठी.”

तासाभराने मंगल खालून झाकण लावलेली स्टीलची वाटी घेऊन आली. उघडली तर आंबूस वास, वर बुडबुडे. लाइट नाही, फ्रिज नाही, बिचारीची खीर नासली. मोरीत ओतली. वाटी घासली. रिकामं भांडं परत पाठवू नये, म्हणून साखर घालून पाठवली, आणि खीर फार छान होती असा निरोपही. उगाच कोणाचं मन कशाला मोडा.

अश्विनीचा फोन. कुकरमध्ये पाव होतो म्हणाली. माझी बॅटरी अकरा टक्के, तिची मीटिंग. नागपुरातून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं, मी लिहून घेत होतो. मैदा २ वाट्या, दही १, सोडा १ चमचा, मीठ २ वाट्या, डब्याला तेल, मंद गॅसवर पाऊण तास. फोन बंद पडला.

मीठ २ वाट्या, याची शंका आली होती. पण लिहिलेलं होतं. आयुष्यभर जे लिहिलेलं असतं ते असतं, असं धरून नोकरी केली. घातलं.

संध्याकाळी खाली पंपाच्या जनरेटरवर फोन चार्ज करून आणल्यावर खुलासा झाला: मीठ कुकरच्या तळाला पसरायचं होतं, उष्णता धरायला. पिठात नव्हे. “बाबा, दोन वाट्या मीठ पिठात कोण घालतं?” मी.

चव मीच घेतली आधी, हे नशीब.

७ ऑगस्ट, गुरु.

भाभी दारात. “दादा, खमीर फुगलं का?”

मी: “कसलं खमीर?”

“काल वाटीत पाठवलं ते.”

मग खरं ते सांगितलं. मोरी, साखर, निरोप, सगळं. भाभी पायरीवर बसल्या आणि हसल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “तरी म्हटलं, खमीर छान होतं म्हणून कोण निरोप पाठवतं!” मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग त्या हसायच्या थांबल्या. खमीर म्हणजे पाव फुगवायचं आंबवण. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून बेकरीत रोज थोडं मागे ठेवून दुसऱ्या दिवशीच्या पिठात घालत आलेत. बेकरीतलं पाण्यात गेलं. घरी नानसाठी म्हणून थोडं ठेवलेलं होतं, त्यातलं बरंचसं मला दिलं होतं. नि.ला त्याच बेकरीचा पाव लागतो म्हणजे त्याच खमिराचा लागत असणार, असा त्यांचा हिशेब.

खमीर. माणसात असतं किंवा नसतं, एवढंच मला त्याबद्दल माहीत होतं.

त्यांच्या भांड्याच्या तळाला चमचाभर राहिलंय. पीठपाणी घालून पुन्हा उभं करायला दोन दिवस. “बघू या,” म्हणाल्या. एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नि.: चहा, केळं अर्धं, भाताची पेज दोन चमचे (त्यातला एक साडीवर).

८ ऑगस्ट, शुक्र.

वाट बघणं. सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन भांड्यात डोकावतो. भाभी म्हणतात, “सारखं झाकण उघडलंत तर त्याला पण लाज वाटेल.”

घरच्या काट्यावर वजन केलं. नि.ला उभं राहता येत नाही, म्हणून आधी मी एकटा, मग तिला उचलून मी, आणि वजाबाकी. ३८.५. काटा जुना आहे, दोनशे ग्रॅम इकडे तिकडे.

पण उचलताना काट्याची गरज नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदाच उचललं असेल तिला, आणि सहज उचलली गेली. घाबरलो.

९ ऑगस्ट, शनि.

खमीर वर आलं. भाभींनी वाटी स्वतः आणून दिली आणि हातात देताना मोठ्याने, सुटं सुटं करून म्हणाल्या, “ख-मी-र.”

मैदा, खमीर, कोमट पाणी, मीठ एक लहान चमचा (दोनदा विचारून). तीन तास फुगायला ठेवलं, मग डब्यात, पुन्हा तासभर. तळाला खडे मीठ, त्यावर जाळी, जाळीवर डबा. पाऊण तासाने उघडलं तर पांढरंफटक, चकचकीत, वरून ओलं. ढोकळा. मंगल म्हणाली फोडणी देते.

चूक: झाकणाचं रबर आणि शिट्टी काढली नव्हती. वाफ आत राहिली आणि पाव भाजायच्या ऐवजी शिजला. हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत असतं म्हणे. सगळ्यांना म्हणजे कोणाला, हा प्रश्न मी विचारला नाही.

नि.ने एक घास बराच वेळ तोंडात धरला. आणि गिळला. थुंकला नाही. दुसऱ्याला तोंड मिटलं.

तरी एक.

१० ऑगस्ट, रवि.

आज भाभी वर येऊन उभ्याच राहिल्या. मी मळताना बघून, “दादा, शिक्के मारताय का? दाबू नका. पुढे ढकला, घडी घाला, पुढे ढकला.” हात दुखले. मनगटात जोर नाही राहिला. वीस मिनिटांनी पीठ गुळगुळीत झालं तेव्हा बोट दाबून दाखवलं त्यांनी, खळगा हळूहळू भरून आला. “आता ठीक.”

बाकी रीत, पुढच्या वेळेसाठी: रबर नाही, शिट्टी नाही. मीठ घालून रिकामा कुकर दहा मिनिटं मोठ्या आचेवर. मग डबा ठेवायचा, आच बारीक, चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. काढल्यावर पाव उलटा करून बुडाला टिचकी मारायची, पोकळ वाजला की झाला. वरून तांबूस होत नाही, म्हणून तापल्या तव्यावर दोन मिनिटं पालथा.

पोकळ वाजला. भाभींनी मला पुन्हा वाजवायला लावलं. मंगलनेही वाजवला. दोनदा.

नि.: सकाळी एक तुकडा. दुपारी दीड. थुंकला नाही, ढकलला नाही. मधे थांबून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

जिना उतरून भाभींना सांगायला गेलो. वर येताना दम लागला नाही, म्हणजे लागला असणार, लक्षात आलं नाही.

११ ऑगस्ट, सोम.

दोन कुकर चालू. एक आपला, एक भाभींचा. वासावर बिल्डिंगमधले येऊन विचारून जातात. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी, ज्यांनी गेल्या वर्षी कुंड्यांच्या पाण्यावरून मला तीन पानी पत्र लिहिलं होतं, त्यांनी अर्धा किलो मैदा आणून दिला. सोबत पत्र नव्हतं.

नदीकाठच्या वस्तीतली माणसं नि.च्या शाळेत राहायला आणलीत. भाभींनी दोन पाव तिकडे पाठवले. कुकरचा पाव म्हणजे केवढासा, पण घेतले म्हणे.

नि.: तीन तुकडे. मी खुशीत होतो. संध्याकाळी अश्विनीला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं, टिचकीसकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, “बाबा, एक विचारू? आईला पाव कधी आवडला?”

म्हणजे?

“ती घरात पाव आणू द्यायची नाही. मैदा म्हणजे खळ म्हणायची. तक्ते चिकटवायला ठीक आहे, पोटात नको, असं. आम्ही बाहेर खायचो. तुम्हाला माहीत नाही?”

माहीत नव्हतं. घरात पाव नसतो एवढं लक्षात होतं. का नसतो हे कधी मनात आलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळ.

प्रश्न असा: पाव आवडत नाही तर खाते का? आणि ‘पाव’ म्हणजे पाव नसेल तर काय?

मंगल भाजी निवडता निवडता: “पाऊस आसंल. न्हायतर पावडर. काकींना पावडर लागायची ना साळंत जाताना.” दोन्ही करून पाहिलं. पावडर लावली, नि.ने शिंक दिली. खिडकी उघडून पाऊस दाखवला, बघितला आणि “पाव” म्हणाली. शब्दकोश काढला. पावती, पाऊल, पावशेर, पाव्हणे, पावा. एकेक वाचून दाखवला. पावशेरला डोळे मिटले, पण ती तिची झोपायची वेळ होती.

भाभींचं मत वेगळं. “तुम्ही देता म्हणून खातात बाई. एकदा तुम्हाला वाटलं कळलं म्हणून, किती खूश होता तुम्ही. मग कसं नाही म्हणतील?”

मी म्हटलं, याला पुरावा नाही. भाभी म्हणाल्या, “घ्या पुरावा.” आणि मंगलच्या हातात बशी दिली, मला आतल्या खोलीत पाठवलं. तोच पाव, तोच चहा. दाराआडून ऐकत होतो. मंगल तऱ्हेतऱ्हेने आर्जवं करत होती. दहा मिनिटं गेली. एक घासही नाही.

मग मी गेलो. तीच बशी. अर्धा तुकडा खाल्ला. माझ्याकडे बघत.

एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नये हे मला कळतं. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली चिखल भरायला ट्रॅक्टर आला होता. रडू आलं. ट्रॅक्टरवाला वर बघत होता, म्हणून आत आलो.

१३ ऑगस्ट, बुध.

लाइट आली. तात्पुरती, एकच फेज. पंखा चालतो, लिफ्ट नाही.

सकाळी नि.ने पावाकडे मान फिरवली. माझ्या हातचा असूनही. दुपारीही. बहुधा काल मी बशी पुढे धरताना आधीसारखा हसत नसेन. पाव आवडत नसलेल्या माणसाला पाव कसा भरवायचा, हे मला जमेना. हात अडखळत होता आणि तिने ते बघितलं. म्हणजे मला कळलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

अश्विनीचा फोन. रात्रभर विचार करत होती म्हणे. “बाबा, आई शाळेत कधी निघायची?”

सकाळची शाळा. सातच्या सुमारास.

“पावणेसात. घड्याळात पावणेसात झाले की ओरडायची, पावणेसात झाले, अश्विनी, डबा! रोज. तुम्ही झोपलेले असायचात.”

हो. मी साडेसातला उठायचो. उठायचो तेव्हा ती गेलेली असायची, चहा झाकून ठेवलेला असायचा. चौतीस वर्षं. तिची शाळेत जायची वेळ मला मुलीकडून कळतेय.

सकाळचा पहिला ‘पाव’ बऱ्याचदा त्याच सुमाराला असतो हे खरं. पण मग दुपारचे?

वजन (वजाबाकी): ३८.१.

१४ ऑगस्ट, गुरु.

पुन्हा नाही. चहा दीड कप. पपई एक फोड, तीही अर्धी गळ्याखाली उतरली नाही. परवा डॉक्टर.

हॉस्पिटलमधून फोन आला, येताना सगळे कागद आणा, संमतीपत्र तिथंच भरून घेऊ. किती कागदांवर सह्या केल्या असतील आयुष्यात, विचार न करता. या एकावर करायची नाही असं मनाने घेतलंय. पण ३७ भरलं तर न करून काय करणार?

उद्या शाळेत झेंडावंदन आहे, वस्तीतली माणसं तिथं असली तरी करणार म्हणे. नि.ला न्यायचं ठरवलं. भाभी हो म्हणाल्या, मंगल हो म्हणाली. अश्विनी म्हणाली, “पडली तर?” लिफ्ट नाही, खुर्चीसकट तीन मजले उतरवायची. बिल्डिंगमधले चौघे तयार झाले, त्यात तीन पानी पत्रवाले पण आहेत.

मंगल नि.ला म्हणाली, “काकी, उद्या साळंत जायचं हाय.” नि. काहीच बोलली नाही. नेहमीचा शब्दही नाही.

भाभी आणि मी मिळून सात पाव भाजले. आमच्या दोन कुकरांत मिळून पाच, शेजारच्यांच्या कुकरात दोन. सगळे वाजवून बघितले.

१५ ऑगस्ट, शुक्र.

मंगल काल इथंच राहिली. पाचला उठून नि.ला अंघोळ घातली, वेणी घातली, पांढरी निळ्या काठाची साडी नेसवली. दाराबाहेर पडलो तेव्हा मी मुद्दाम घड्याळ बघितलं. सहा सत्तेचाळीस. दोन मिनिटं उशीर, जिन्यात गर्दी झाली म्हणून.

उतरवताना पत्रवाले पुढे होते. प्रत्येक पायरीला, “सावकाश, सावकाश, बाईंना धक्का लागेल.” पडली नाही.

शाळेच्या अंगणातला चिखल ओढून एका बाजूला केलेला. वर्गांच्या कठड्यांवर गोधड्या वाळत. वस्तीतली माणसं रांगेत उभी, जशी जमेल तशी रांग. हेडमास्तर नवे, नि.ला ओळखत नाहीत. शिपाई जुना. त्याने खुर्ची बघितली, पळत आला, “बाई!” म्हणाला. खुर्ची पहिल्या रांगेत नेली.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत. नि. बसूनच, पण डावा हात अंगाला सरळ लावलेला. गीत संपलं. पुढे कोणी काही बोलेना, माइक चालत नव्हता, हेडमास्तर वायर बघत होते. सगळे उभे.

“बसा.”

स्पष्ट. ब आणि स, दोन्ही. मोठ्याने नाही, पण पुढच्या रांगांना ऐकू जाईल एवढं. माणसं खरंच बसली. पुढची, मग मागची. मार्केट यार्डात हमाली करणारे एक दांडगे गृहस्थ होते, तेही मांडी घालून बसले. नवे हेडमास्तर वायर हातात घेऊन बसले.

मी खुर्चीमागे उभा. खुर्ची धरायला कोणीतरी हवं म्हणून. नि.ने मान वळवली, जेवढी वळते तेवढी, आणि पुन्हा म्हणाली, “बसा.”

बसलो. सतरंजी ओली होती. एका मुलीने सगळ्यांना चहा दिला, भाभींनी पाव कापून वाटले. माझ्याही हातात एक तुकडा आला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तसं पाहिलं तर गेले कित्येक दिवस मी नि.च्या बशीत उरलेलं उभ्या उभ्या खातोय. खाल्ला. बरा झाला होता, मीठ जरा कमी. नि. वरून बघत होती. मग भाभींच्या ताटलीतून तिने डाव्या हाताने एक तुकडा उचलला, स्वतः. आठ महिन्यांत कोणी भरवल्याशिवाय पहिल्यांदा. निम्मा खाल्ला, चहा न लावता. निम्मा मुठीत राहिला. शेजारच्या बाईंनी ताटलीतली खिचडी पुढे केली, तीही दोन घास घेतली. भात थुंकते अशी माझ्या वहीत नोंद आहे.

दहा वीसला घरी. खुर्ची खिडकीशी लावल्याबरोबर, “पाव.” म्हणजे पावणेसात हेही नाही. किंवा तेही आहे आणि दुसरंही काही आहे. मुठीतला तुकडा सोडवला, पिळपिळीत झाला होता.

विचारलं, बसा कोणाला म्हणालीस? वर्गाला, की मला?

“पाव.”

पोरांनाही बसा आणि नवऱ्यालाही बसाच. मराठीत दोन्हीला एकच. पहिल्यांदा म्हणाली ते वर्गाला असणार, त्यात वाद नाही. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा वर्ग बसलेला होता. उभा असा मी एकटाच होतो.

उद्या अकराला डॉक्टर. आज घरी वजन केलं नाही.